नुसतं झोपायलाच तर जायचंय

"काकू, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी इमॅजिका पार्क बघितलंय म्हणून मुलीनं दिवाळीच्या सुट्टीत जायचा हट्ट धरलाय. सासूबाई (वय ६६) पण येणार. पार्कला लागून असलेलं हॉटेल आमच्या आवाक्याबाहेर आहे. मिस्टर गोकुळ शिरगावला एमआयडीसीत आहेत. त्यांनी मोबाईलवर खोपोलीजवळची सोळाशे रुपयांची खोली शोधून ठेवलीय. फोटोत बरी दिसते, पण मला धाकधूक वाटते. मी काही बोलले की त्यांचं एकच: 'रात्री नुसतं झोपायलाच तर जायचंय, महाल कशाला पाहिजे?' सासूबाई म्हणतात, मी खोलीवरच बसेन, तुम्ही फिरा. गाडी घरची आहे, आम्ही दोघंही चालवतो. दोन रात्री राहायचा विचार आहे. एवढी लहान मुलं घेऊन स्वस्तातल्या हॉटेलात राहावं का? आणि राहायचंच झालं तर खोली कशी बघून घ्यावी?"
– राजारामपुरीची एक आई

ताई,

राहा, बिनधास्त राहा. स्वस्तातलं हॉटेल म्हणजे वाईट हॉटेल, असं माझ्यापुढं तरी कुणी म्हणू नये. स्टँडजवळ आमचा चौदा खोल्यांचा लॉज होता आणि बावीस वर्षं मी त्याच्या काउंटरवर बसलेय. अंबाबाईला आलेली, जोतिबाला निघालेली, लग्नाला आलेली, मुलाखतीला आलेली, किती माणसं आमच्या रजिस्टरात सह्या करून गेली त्याला गणती नाही. त्यात पोराबाळांचीच कुटुंबं जास्त. पोरांना महाल लागत नाही हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे.

'नुसतं झोपायला' हे मात्र खरं नाही.

नुसतं झोपायला यायचे ते औषध कंपन्यांचे एमआर. रात्री अकराला यायचे, बॅग टाकायचे, सकाळी सातला अंघोळ करून गायब. खोलीला खिडकी होती का, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. अडीच वर्षांचं पोर घेऊन आलेल्या बाईचं तसं नसतं. तुमचाच हिशेब घाला. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला खोली ताब्यात घेतलीत, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोडलीत, तर झाले एक्केचाळीस तास. त्यातले धाकट्याचे पार्कातले किती? फार तर पाच. पुढं तो खांद्यावर मान टाकणार. बाकी सगळा वेळ खोली, नाहीतर खोलीच्या आसपास. तिथंच दूध, तिथंच शी, ओले कपडे वाळत घालणं, बहीणभावाची मारामारी, आणि नेमका रात्री दोनला आलेला ताप. मोठ्या माणसाला हॉटेलची खोली रात्रीची असते, लहान पोराला ती दिवसाची असते. तेव्हा सोळाशेचीच घ्या, पण दिवसा राहायची खोली म्हणून बघून घ्या.

आणि बघायचं म्हणजे फोटो बघायचे नव्हेत. फोटो हॉटेल नवं असताना काढलेले असतात. आमच्या रिसेप्शनवरच्या फोटोतल्या गाद्या मी दोनदा बदलल्या तरी फोटो तोच होता! फोन करा. सकाळी दहा-अकराला करू नका, तेव्हा खोल्या सोडणाऱ्यांची झुंबड असते आणि काउंटरवरचा माणूस सगळ्याला 'आहे, आहे' म्हणतो. दुपारी तीन-चारला करा. तेव्हा तो रिकामा असतो, चार गोष्टी जास्त सांगतो.

पहिलं विचारा, गरम पाणी कसं आहे. 'चोवीस तास आहे' यावर थांबू नका. सोलर आहे का गीझर, ते विचारा. सोलर असेल तर पहाटे उठणाऱ्यांना पाणी मिळतं आणि साडेआठला उठणाऱ्या पोरांच्या वाटणीला कोमट येतं. टाकी संपलेली असते, त्यात मालकाची लबाडी काही नसते. बाथरूममध्ये गीझर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बादलीभर गरम पाणी आणून देतात का, एवढं विचारून ठेवा. बादली आणि मग आहे ना, हेही विचारा. हल्ली नव्या हॉटेलांत नुसता शॉवर असतो आणि शॉवरखाली अडीच वर्षांचं पोर म्हणजे आईची पण अंघोळ.

दुसरं, मजला आणि खिडकी. पहिला मजला मागा. रस्त्याकडची नको, मागची द्या म्हणावं. शेजारी मंगल कार्यालय आहे का, हे स्पष्ट विचारा. तुळशीचं लग्न झालं की डीजे चालू होतात. खिडकीला गज आहेत का, आणि पलंग खिडकीला चिकटून आहे का? असेल तर आल्या आल्या रूमबॉयला सांगून पलंग भिंतीकडं सरकवून घ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तुम्ही आणि मधे पोर. दोन सिंगल पलंग जोडून देत असतील तर फट भरायला घडी घातलेली सोलापुरी चादर लागते, घरचीच न्या.

तिसऱ्या गोष्टीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ती मी डोळ्यांनी बघितलीय.

नवरात्राची गर्दी होती. पंढरपूरकडचं एक कुटुंब वरच्या मजल्यावर उतरलेलं. त्यांचा तीन वर्षांचा पोरगा बाथरूममध्ये गेला आणि त्यानं आतून कडी लावून घेतली. दाराला दोन कड्या होत्या, एक वर आणि एक खाली. खालची ॲल्युमिनियमची, मोठ्या माणसाला वाकून लावावी लागेल अशी आणि पोराच्या बरोब्बर हाताशी येणारी. लावता आली, काढता येईना. आत त्यानं नळ सोडलेला. बाहेर आई दाराला गाल लावून म्हणतेय, 'बाळा, कडी उजवीकडं सरकव', आणि त्या जिवाला उजवं-डावं कुठलं कळतंय? तो रडतोय, ही रडतेय, बाप दाराला खांदा द्यायला निघालेला. दार आत उघडणारं आणि पोर दारामागंच उभं. मी त्याचा दंड धरला. शेवटी आमचा रूमबॉय मागच्या डक्टमध्ये उतरला, व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या एकेक काढल्या आणि झाडूच्या दांड्यानं ती कडी सरकवली. वीस मिनिटं लागली असतील. पोरगं बाहेर आलं आणि आईकडं न जाता थेट त्या रूमबॉयकडं गेलं, कारण इतका वेळ खिडकीतून त्याच्याशी तोच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी सुतार बोलावला आणि चौदाही बाथरूमच्या खालच्या कड्या काढून टाकल्या. सगळे लॉजवाले असं करतात असं नाही. म्हणून खोलीत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आधी एक जाडसर टॉवेल बाथरूमच्या दाराच्या वरच्या कडेवर टाकून ठेवा. दार पूर्ण लागतच नाही, मग कडीही बसत नाही. खोलीच्या मुख्य दाराचं उलटं करायचं. तिथली वरची कडी तुम्ही आत असताना लावलेलीच ठेवायची, कारण पोरगं पॅसेजमध्ये सुटलं की जिना जवळच असतो.

आता जागेचं. मोबाईलवर 'खोपोलीजवळ' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात, म्हणजे घाटाच्या खाली. लोणावळा घाटाच्या वर. नकाशात दोन्ही शेजारी दिसतात, पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागली की तो शेजार कुठल्या कुठं जातो. त्यात लोणावळ्याला सुट्टीचे दर चढलेले असतात. तेव्हा लोणावळा सोडून द्या. मुक्काम घाट उतरून खालीच करा. एक्स्प्रेस वेवरून येताना खोपोलीचा फाटा चुकवू नका. तिथं मागं वळायची सोय नाही, पुढच्या फाट्यापर्यंत जाऊनच परत यावं लागतं, आणि तोवर मागच्या सीटवरचं भोंगं सुरू झालेलं असतं.

आणखी एक गंमत. सासूबाईंसाठी अष्टविनायकातला वरदविनायक बघायचा म्हणून मोबाईलवर गाव टाकाल. ते गाव महड, खोपोलीच्या जवळचं. चवदार तळ्याचं ते महाड वेगळं, तिथून शंभरएक किलोमीटर लांब. इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग सारखंच पडतं. स्वस्त खोली मिळाली म्हणून खूश होऊन महाडला बुकिंग करून बसलेली माणसं असतात. तालुका खालापूर आहे का, एवढं बघून घ्या.

पालीचा पर्याय मी मुद्दाम सांगते. बल्लाळेश्वराचं गाव, देवस्थानाचं भक्तनिवास आहे, बाकीचे लॉजही कुटुंबांना सरावलेले. पार्कापासून गाडीनं पाऊण तास धरा. जेवण साधं आणि घरगुती मिळतं, वरण-भात कुठंही मागा. आमच्याकडं तांबडा-पांढऱ्यावर वाढलेली मोठी माणसं तिथं जरा हिरमुसतील, पोरांचं पोट मात्र शांत राहील. फक्त संकष्टीला आणि अष्टविनायकाच्या बस येतात त्या शनिवार-रविवारी तिकडं फिरकू नका. देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणतात. पोरीला दाखवा. गावाजवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेवढंच. पण पार्क हाच मुख्य बेत असेल तर खोपोली बरी. दुपारी पोर झोपलं तर पाऊण तास आणि वीस मिनिटं यात फार फरक असतो.

पैशांचं सरळ बोलते. सोळाशे हा आकडा दोन माणसांचा असतो. तुम्ही तीन मोठी. तिसऱ्या माणसाची गादी वेगळी लागते, तिचे तीनचारशे धरा. मुलीचे कुणी लावतात, कुणी सोडून देतात. पाच वर्षांवरचं मूल म्हटलं की काउंटरवरच्याच्या मनात येतं, म्हणून आधीच ठरवून घ्या. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के झालाय, आधी १२ होता. अजून कुणी बारा म्हणत असेल तर पक्कं बिल मागा, आवाज खाली येतो. म्हणजे चारशेची गादी धरून दोन हजार, वर शंभर कर, एका रात्रीचे एकवीसशे. दोन रात्रींचे बेचाळीसशे. मिस्टरांनी बत्तीसशे धरले असतील, तर वरचे हजार आत्ताच बाजूला काढून ठेवा.

दोन खोल्या घेऊ नका. देवस्थानाच्या गावांत आणि हायवेच्या लॉजमध्ये चार बेडची फॅमिली रूम असते. ती कुणी जाहिरातीत लिहीत नाही, विचारावी लागते. सासूबाई घोरत असतील तर घोरू देत. रात्री एक पोर उठलं तर दुसऱ्याजवळ माणूस राहतं, हे सगळ्यात मोठं. आणि कमोड आहे का विचारा. सहासष्टाव्या वर्षी उकिडवं बसायला लावू नका.

बुकिंगबद्दल एक कबुली देऊनच टाकते. मोबाईलवरून 'पैसे हॉटेलवर द्या' असं बुकिंग करतात ना, ते भर गर्दीत काउंटरवाल्याच्या दृष्टीनं सगळ्यात कच्चं बुकिंग. कमिशन कापून जाणार, माणूस येईल का नाही ठाऊक नाही, आणि समोर दहा जणांची पार्टी रोख पैसे घेऊन उभी. मग फोन जातो, 'साहेब, खोलीत पाण्याचा प्रॉब्लेम झालाय.' प्रॉब्लेम पाण्याचा नसतो. आमच्याकडूनही एकदोनदा झालंय, आज लाज वाटते. म्हणून थोडा ॲडव्हान्स भरा, पावती व्हॉट्सॲपवर मागवा, त्यात तारीख, माणसं, गादी आणि चेक-आऊटची वेळ लिहून घ्या. चेक-आऊट कुठं चोवीस तासांचं असतं, कुठं सकाळी दहाचं. निघताना दहा वाजता एक पोर कमोडवर आणि दुसरं अर्ध्या कपड्यात असतं, तेव्हा जास्तीचा एक तास लाखमोलाचा. जायच्या दिवशी वाटेत कराडला चहाला थांबाल तेव्हा पुन्हा एक फोन टाका. 'निघालोय, पाचपर्यंत पोचतो, लहान मुलं आहेत.' एवढं ऐकलं की निम्म्या वेळा बरी खोली बाजूला ठेवली जाते. मी ठेवायचे.

दिवसाचं कसं बसवायचं? कोल्हापूर ते खोपोली तीनशेवर किलोमीटर. कागल-सातारा रस्त्याचं काम आणि वळणं तुम्हाला मी काय सांगू. पोरं घेऊन सात-आठ तास धरा. पोचल्या दिवशी पार्कचं नावही काढू नका. दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या वेळेला दारात. भाऊबीज झाल्या झाल्या सगळा महाराष्ट्र तिकडं लोटतो. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार काढा. तिकिटाचे दर तारखेप्रमाणं बदलतात, मधल्या वारी खोलीही स्वस्त.

तिकीट तिथं वयावर नसतं, उंचीवर असतं. बऱ्याच राईड्सनाही उंचीची अट असते. आज रात्री दोघांना दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीनं खूण करा आणि सेंटिमीटर लिहून ठेवा. मग त्यांच्या वेबसाईटवर प्रत्येक राईडपुढची उंची बघून पोरीला घरीच सांगा, यात बसायचं, त्यात नाही. रांगेत अर्धा तास उभं राहून 'बेटा, तू छोटी आहेस' हे परक्या माणसाकडून ऐकलं की सहा वर्षांच्या पोरीचा पुढचा सगळा दिवस वाया. निट्रो नावाचा तो मोठा रोलर कोस्टर तिला खालून बघायचाय, हे आधीच कबूल करून घ्या. उडत्या हत्तींची टबी, चक्री घोडे, मोठा पाळणा ही तिची ठिकाणं. राजासौरसच्या होडीत अंग भिजतं, कपड्यांचा एक जोड पिशवीत असू दे. सलीमगढला नेऊ नका. भुताची हवेली बघून आलेलं पोर रात्री अनोळखी खोलीत झोपत नाही, आणि झोपवायला तुम्हीच असता. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं आणि नायलॉनचे कपडे लागतात. दोन्ही एका दिवसात कोंबायचं मनात असेल तर तो बेत सोडा.

दुपारी दोन-अडीचला तुमची फौज दोन ठिकाणी वाटा. मोठी आणि एक पालक पार्कातच संध्याकाळपर्यंत, धाकटा आणि दुसरा पालक खोलीवर. आणि माझं ऐकाल तर खोलीवर मिस्टरांना पाठवा. दोघंही गाडी चालवता, मग अडचण कसली? त्यांना दुपारी अडीच ते सहा त्या सोळाशेच्या खोलीत पोराला पंख्याखाली झोपवू दे, उठल्यावर दूध गरम करून मागू दे, चड्डी धुऊ दे, वाळत घालायला दोरी शोधू दे. तुम्ही तोवर लेकीबरोबर पाळण्यात बसा. संध्याकाळी ते आणायला येतील तेव्हा त्या वाक्यावर पुन्हा चर्चा करायला हरकत नाही!

दुधाचं मात्र खरंच लक्षात ठेवा. आपल्या पोरांच्या जिभेला म्हशीचं घट्ट दूध माहीत. तिथं पिशवीतलं गाईचं आलं की एक घोट घेऊन तोंड फिरवतात आणि आई समजते, आजारी पडलं. जायच्या आठदहा दिवस आधीपासून घरी रात्रीचं दूध पातळ करत जा, नाहीतर नाचणीचं सत्त्व बरोबर ठेवा, ते गरम पाण्यातही होतं. थर्मास न्या. खोलीत विजेची किटली लावू नका, जुनं वायरिंग असलं की सगळ्या मजल्याचा फ्यूज उडतो. स्वयंपाकघर रात्री किती वाजता बंद होतं ते विचारून, बंद व्हायच्या आधी थर्मास भरून घ्या. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. लहान मुलाच्या खाण्याबद्दल तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

पाऊस नुकताच संपलेला असतो, हवा दमट आणि डास भरपूर. लिक्विडचं मशीन घरूनच न्या, छत्रीसारखी उघडणारी लहान मच्छरदाणी असेल तर फारच बरं. तापाचं औषध आणि वजनाप्रमाणं त्याचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तिन्ही मोठ्यांची आधार कार्डं घ्या, रजिस्टरला लागतात.

राहिल्या सासूबाई. 'मी खोलीवरच बसेन' असं म्हणणाऱ्या किती आज्या मी बघितल्या! चार तासांनी खाली येऊन माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसायच्या आणि 'काय ओ, किती वाजले?' विचारायच्या. परक्या गावात बंद खोलीत त्यांना एकटं ठेवू नका. सकाळी धाकट्याबरोबर पार्कात येऊ दे, सावलीच्या बाकावर बसल्या तरी चालेल, आणि दुपारी त्या दोघांबरोबर परत. तिसऱ्या दिवशी निघताना महडचा वरदविनायक त्यांच्यासाठी. गगनबावड्याच्या मठात त्यांचं जाणं असेल तर हेही सांगा की गगनगिरी महाराजांची समाधी खोपोलीलाच आहे, २००८ साली तिथंच त्यांनी देह ठेवला. मग बघा, सहलीला निघायची सगळ्यात घाई कुणाला होते ते.

आणि जायच्या आधी एक रंगीत तालीम करा. मिस्टरांच्या एमआयडीसीपासून कणेरी मठ किती लांब आहे? एखाद्या रविवारी सकाळी सगळी सिद्धगिरी म्युझियम बघायला जा, बाबागाडी न घेता. बलुतेदारांचे पुतळे, बैल, मोट, सगळं पायी पायी फिरत बघायचं. धाकटा किती वेळानं 'उचल' म्हणतो ते घड्याळात बघा, आणि तेवढाच आकडा मिस्टरांना सांगा.

– तुमची काकू